पतंजलीचे चित्त आणि आमच्या मोहल्ल्यातील म्हातारी

पातंजल योगदर्शन हे भारतीयांचे मानसशास्त्र होय, असे आपल्याकडे दीर्घकाळ सांगितले जात आहे. कृष्णाजी केशव कोल्हटकर यांनी योगसूत्रांवर मराठीत जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच त्यांनी 'भारतीय मानसशास्त्र' हे शब्द घातले. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला योगदिन साजरा होतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांतूनही मुले त्या दिवशी पटांगणावर ओळीने बसतात आणि आसने झाली की भाषणे होतात. योगाने मन स्थिर होते व मन स्थिर झाले की अंधश्रद्धा आपोआप गळून पडते, असे वक्ते सांगतात. मी तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आहे. अशी भाषणे मी पुष्कळ ऐकली आणि, कबूल केले पाहिजे, एक-दोन केलीही. आज मला या विधानाची तपासणी करावयाची आहे. माणसाच्या मनात समजूत कशी तयार होते याविषयी योगदर्शन काय सांगते, ते कोठवर खरे आहे आणि कोणत्या वळणावर ते आम्हाला सोडून निघून जाते, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचलेला नाही. १९६५ च्या पावसाळ्यात माझा सहा वर्षांचा धाकटा भाऊ एका रात्रीत मेला. आमचे गाव सिंदेवाहीच्या बाजूचे. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. आम्ही भावंडे जमिनीवर तनसावर गोधडी टाकून निजत असू. मध्यरात्री तो पोट दुखते म्हणून उठला. मग त्याच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, पहाटे श्वास थांबला. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्ताचा थेंब नाही. नाल्याला पूर होता, दवाखाना नाल्यापलीकडे. अलीकडे मांत्रिक होता. त्याने एकच विचारले : काल घरी कोण आले होते? माय म्हणाली, शेजारची म्हातारी आली होती, तिने पोराला मूठभर मोहफुले दिली. एवढे पुरेसे झाले. म्हातारी विधवा होती, एकटी होती, आमच्याच मोहल्ल्यातली होती. तिने मूठ मारली असे ठरले. तिचे आमच्या विहिरीवर येणे बंद झाले, तिला मारहाण झाली, आणि धान कापायच्या आधीच ती गाव सोडून गेली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. ती गाठोडे घेऊन निघाली तेव्हा मी तिच्या पायाशी थुंकलो होतो.

पुढे कॉलेजात असताना एका डॉक्टरांचे सर्पदंशावर व्याख्यान झाले. मण्यार रात्री घरात शिरतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, दंश फारसा दुखत नाही, खूण बहुधा दिसत नाही. पोटात दुखते, पापण्या गळतात, बोलता येत नाही, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. मी वही मिटली. त्या दिवशी मला कळले की, माझ्या भावाला कोणी मारले आणि मी कोणावर थुंकलो.

वेदान्ती पंडित भ्रमाचे उदाहरण देताना दोरीला साप समजणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतात. अंधारात दोरी दिसते, साप वाटतो, दिवा आणला की भ्रम जातो. आमच्याकडे उलटे घडले होते. खरा साप येऊन गेला होता आणि आम्ही सापाच्या जागी एक म्हातारी पाहिली होती. दिवा आणून ती समजूत जाणार नव्हती, कारण दिवा पेटलेलाच होता आणि दिव्याच्या उजेडात सारा मोहल्ला तेच पाहत होता.

एम.ए.ला मी पतंजली वाचला तो या घटनेसह. प्रथम त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. चित्ताच्या वृत्ती पाच आहेत असे तो सांगतो : प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञान. विपर्यय म्हणजे वस्तू जशी नाही तशी मानणे. विकल्प म्हणजे नुसत्या शब्दामागून धावणारे ज्ञान, ज्याच्या मागे वस्तूच नसते. स्मृती म्हणजे अनुभवलेले न निसटणे. ही मांडणी मी आमच्या घरच्या मृत्यूला लावून पाहिली आणि थक्क झालो. 'मूठ' हा शब्द होता, त्यामागे वस्तू नव्हती : तो विकल्प. त्या शब्दाच्या आधारे मोहफुले देणारी बाई मारेकरीण दिसली : तो विपर्यय. आणि स्मृती? त्या सायंकाळी म्हातारीचे डोळे लाल होते, असे मला अजूनही स्पष्ट आठवते. माझा भाऊ जिवंत असताना ते मी पाहिले होते काय? की त्याच्या मरणानंतर, मोठ्यांचे बोलणे ऐकून, माझ्या चित्ताने ते चित्र मागाहून रंगविले? ते लाल असतील तर चुलीच्या धुराने असतील. आज मला एवढेच सांगता येते की, मी त्या आठवणीची शपथ घेतली असती.

योगदर्शन याहीपुढे जाते. प्रत्येक वृत्ती चित्तावर एक संस्कार ठेवून जाते आणि तो संस्कार पुन्हा तशीच वृत्ती उठवतो, असे हे चक्र आहे. बांधीत एकदा पाण्याने वाट केली की पुढचे पाणी त्याच वाटेने जाते, तसे. मांत्रिकाने उतरविलेला साप बिनविषारी होता किंवा त्याने चावूनही विष सोडले नव्हते, हे कोणी पाहत नाही. माणूस वाचला की संस्कार दृढ होतो आणि मेला की दोष मांत्रिकाकडे जात नाही, करणीकडे जातो. समजुतीला दोन्हीकडून खाद्य मिळते. आणि या साऱ्याच्या तळाशी पतंजली पाच क्लेश ठेवतो : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. अविद्या ही बाकीच्या चौघांची जमीन. अभिनिवेश म्हणजे जगण्याला चिकटणे, मरणाची भीती. ती विद्वानालाही सुटत नाही असे तो म्हणतो. भीतीतून समजूत जन्मते, ही गोष्ट त्याने ओळखली होती. इथपर्यंत मी त्याचा ऋणी आहे.

आता माझी तक्रार. यथार्थ ज्ञानाची तीन साधने पतंजली मानतो : प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम. आगम म्हणजे विश्वासार्ह माणसाचे, आप्ताचे वचन. भाष्यकार व्यासाने येथे एक चांगली कसोटी सांगितली आहे. बोलणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिलेली वा अनुमानाने जाणलेली नसेल, तर त्याचा आगम डळमळतो. ही कसोटी लावली तर आमच्या गावचा मांत्रिक तत्क्षणी नापास होतो. पण लगेच भाष्यकार मूळ वक्त्याला या धोक्याबाहेर काढतो. तेथे आगम अढळ ठरतो. म्हणजे तपासणीचा दरवाजा गावच्या मांत्रिकासाठी उघडा आणि शास्त्रासाठी बंद! मांत्रिकाचे वचन आणि स्मृतिकारांचे वचन यांत अस्पृश्याच्या दृष्टीने फरक कोणता होता? दोघांनीही न पाहिलेली गोष्ट सांगितली. एकाने मूठ सांगितली, दुसऱ्याने विटाळ. दोन्ही शब्दच, दोन्हींच्या मागे वस्तू नाही. परंतु विटाळ या वस्तुशून्य शब्दाने विहिरी वाटून दिल्या, हॉटेलात कपबश्या वेगळ्या ठेवल्या, गावाच्या एका कडेला आमची घरे नेऊन टाकली. शशशृंगाने कोणाला भोसकल्याचे ऐकिवात नाही. विटाळाने शेकडो वर्षे भोसकले. विकल्पाची व्याख्या करणाऱ्या दर्शनाला एवढा मोठा विकल्प शेजारी उभा असून दिसू नये, हे कशाचे लक्षण मानावे?

कोणी म्हणेल, योगसूत्रांत जातिभेद कोठे आहे? पाहू या. कर्माचे मूळ शिल्लक असेतोवर त्याचे फळ म्हणून जाती, आयुष्य आणि भोग मिळतात, असे साधनपादात सांगितले आहे. येथे 'जाती' म्हणजे देव, मनुष्य, पशू अशी योनी, हा भाष्यकारांचा अर्थ मला मान्य आहे. अर्थाची ओढाताण मला करावयाची नाही. पण ज्या समाजाने हे सूत्र वाचले, त्याने जन्म हे कर्माचे फळ एवढे उचलले आणि महाराच्या घरचा जन्म हे महाराच्या पूर्वकर्माचे फळ असे मोजून दिले. दुसरे सूत्र पाहा. शौच पाळले की स्वतःच्या देहाची किळस उत्पन्न होते आणि इतरांच्या संसर्गापासून साधक दूर होतो, असे तेथे म्हटले आहे. हे संन्याशासाठी असेल. पण इतरांच्या अंगाचा संसर्ग टाळणे ही शुद्धीची खूण, हे वाक्य आमच्या कानावर पडते तेव्हा ते आम्हाला तत्त्वज्ञान वाटत नाही. आम्ही ते ओळखतो.

याच ग्रंथात दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. अहिंसादी यम हे जाती, देश, काळ यांनी मर्यादित नसतील तरच ते महाव्रत ठरते, असे पतंजली म्हणतो. केवढे उदार वाक्य! मात्र जातीने मर्यादित अहिंसेचे उदाहरण देण्याची वेळ आली तेव्हा भाष्यकाराला मासे मारणारा सापडला : तो फक्त माशांची हिंसा करतो, इतरांची नाही. वैनगंगेवर जाळे टाकणारा आमचा ढिवर हा हिंसेचा नमुना झाला. सावकाराचे व्याज, गावाने टाकलेला बहिष्कार यांतले उदाहरण त्याला सुचले नाही. तसेच मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही बौद्धांच्या ब्रह्मविहारांची चौकडीही योगसूत्रांत येते. पण येथे तिचे प्रयोजन साधकाचे चित्त प्रसन्न व्हावे हे आहे. दुःखिताविषयी करुणा करावयाची ती आपले मन निवळावे म्हणून. त्या दुःखिताचे पुढे काय झाले, हे सूत्र विचारत नाही.

हे दर्शन कोठे थांबते ते मला बाबूराव बागुलांच्या कथेने दाखविले. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, जात लपवून राहतो. लोक त्याला मान देतात. आणि जात उघडी पडताच तीच माणसे त्याला झोडपतात. येथे प्रत्यक्षात काय बदलले? माणूस तोच, त्याचे बोलणे तेच, त्याचे ज्ञान तेच. एक शब्द कळला आणि डोळ्यांनी पाहिलेले सारे रद्द झाले. प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण खरे. पण आपल्या समाजात आगम प्रत्यक्षावर मात करतो, हे बागुलांनी सिद्ध केले आहे, आणि तेही एकही पारिभाषिक शब्द न वापरता. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये आपल्या संस्कृत शिकण्याची कथा सांगितली आहे. नागपूरसारख्या शहरात महाराच्या मुलीने संस्कृत शिकावे याचे लोकांना जे नवल वाटले, तेही हेच. समोर उभी असलेली विदुषी दिसत नव्हती. दिसत होती ती तिची जात. योगदर्शन एका चित्तातील भ्रमाचे विश्लेषण करते. दलित साहित्य हजारो चित्तांनी मिळून सांभाळलेल्या भ्रमाचे विश्लेषण करते. माझ्या मते मनाविषयीचे अधिक पूर्ण शास्त्र दुसरे आहे.

येथे 'अस्मिता' या शब्दाकडे वळले पाहिजे. पतंजलीच्या यादीत अस्मिता हा क्लेश आहे. पाहणारा आणि पाहण्याचे साधन एकच मानण्याची चूक. आमच्या चळवळीने हाच शब्द ध्वजासारखा उचलला. गंगाधर पानतावणे यांनी आपल्या नियतकालिकाला त्यावरून नाव दिले. यात काही पंडितांना विसंगती दिसली. मला दिसत नाही. ज्याला 'मी आहे' असे म्हणण्याची मुभा आहे त्याला अहंभाव सोडण्याचा उपदेश शोभतो. ज्याला 'मी कोणी नाही' हेच पिढ्यान्‌पिढ्या शिकविले, त्याचा क्लेश नेमका उलटा आहे. त्याने प्रथम 'मी आहे' म्हणावे लागते. मात्र त्या 'मी'ने पुढे दुसऱ्या एखाद्याला 'तू नाहीस' म्हटले, तर पतंजलीचा इशारा आम्हालाही लागू होतो. आमच्या मोहल्ल्याने त्या म्हातारीला तेच म्हटले होते.

जात ही मनाची एक अवस्था आहे, ती विटामातीची भिंत नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात मांडले. आणि मनाची अवस्था म्हणून ती ध्यानाने जाईल असे न म्हणता, ज्या शास्त्रांवर ती उभी आहे त्यांचे पावित्र्य मोडल्यावाचून ती जाणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. योगदर्शनाच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांनी बोट नेमके आगमावर ठेवले. हा धागा बुद्धापर्यंत जातो. परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हे बुद्धाने कालामांना सांगितले. पुढे दिङ्नागाने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली आणि शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचे आसन नाकारले. चित्त हेच सर्वांच्या मुळाशी आहे हे बुद्धानेही सांगितले आणि पतंजलीलाही ते ठाऊक होते. भेद आहे तो त्या चित्ताच्या दाराशी कोणाला प्रश्न न विचारता आत सोडावयाचे, यात.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेब चंद्रपूरला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे हे गाव. जंगलपट्टीतून, बैलबंड्यांनी आणि पायी, माणसे आली आणि त्यांनी धम्मदीक्षा घेतली. माझे आईबाप त्यांत होते. पतंजली सांगतो की, वाईट विचार छळू लागले तर प्रतिपक्षभावना करावी, म्हणजे विरुद्ध विचार जाणीवपूर्वक मनात रुजवावा. बावीस प्रतिज्ञा मला तशाच वाटतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की त्या गुहेत बसून एकट्याने मनातल्या मनात म्हणावयाच्या नव्हत्या. त्या मोठ्याने, एकमेकांसमोर म्हणावयाच्या होत्या. जी समजूत सर्वांनी मिळून बांधली ती सर्वांच्या देखत मोडावी लागते.

पण मग नऊ वर्षांनी त्याच दीक्षित मोहल्ल्याने म्हातारीला का हाकलले? हा प्रश्न मी टाळणार नाही. देव्हाऱ्यातले देव आम्ही विसर्जित केले. रात्री जमिनीवर निजणे आम्हाला विसर्जित करता आले नाही, नाल्यावर पूल नव्हता, आणि दवाखाना नाल्यापलीकडेच राहिला. प्रतिज्ञेने आगम मोडला. अभिनिवेश, मरणाची भीती, तशीच राहिली आणि तिने जुना संस्कार जागा केला. पतंजली याला अविद्या म्हणेल. मी तिला अविद्या आणि अभाव म्हणतो. एकटी अविद्या सांगणारा अर्धेच सांगतो. आणि एकटा अभाव सांगणाराही अर्धेच सांगतो, कारण पुढे पूल झाले, रस्ते झाले, तरी हे थांबले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना गावासमोर मारहाण झाली. त्यांत वृद्ध होते, काहींना खांबाला बांधले होते. ते दलित होते. मे २०२४ मध्ये गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे एक स्त्री आणि एक पुरुष यांना याच संशयावरून जाळून मारण्यात आले. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यावर त्याच वर्षी राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. एखाद्यावर करणीचा आरोप ठेवून त्याला छळणे आणि साप चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे दोन्ही त्यात गुन्हे आहेत. माझ्या घरात १९६५ साली हे दोन्ही एकाच रात्री घडले होते.

योगदिनाच्या वक्त्यांना म्हणून मी सांगतो : मुलांना आसने शिकवा, त्याने पाठ सरळ होते. वृत्तींची पाच नावेही शिकवा; ती उपयोगी आहेत. पण शिकवताना तिसऱ्या प्रमाणाशी थांबा आणि मुलांना विचारावयास लावा : हे सांगणाऱ्याने पाहिले आहे काय? त्याला यातून काय मिळते? आणि याची किंमत कोण देतो? हे प्रश्न न विचारता मन स्थिर केले तर ते मन आपल्या समजुतीवरच स्थिर होईल. मांत्रिकाचे मन फार स्थिर होते. मला आठवते, तो घाबरलेला नव्हता.

माय वारली त्या वर्षी मी तिला मण्यार सापाविषयी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मंग तिनं देल्लेले मोहफुलं आपुन फेकून काऊन देल्ले?" त्या दुष्काळी वर्षात मूठभर मोहफुलेही कोणी कोणाला देत नव्हते. म्हातारीने ती दिली होती. ती कोणत्या गावी गेली, कोठे मेली, याचा शोध मी पुष्कळ घेतला. लागला नाही.